दिवा वाढव

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होतो. माझी आई तिथे होती. आणखी साठेक माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांना आज विचारलंत तर ती नाही म्हणतील.

म्हणू देत.

ज्यांना पटणार नाही त्यांनी पान उलटावं, असं मी सांगणार नाही. त्यांनीच शेवटपर्यंत वाचावं.

९ डिसेंबर १९५४. मार्गशीर्षातला गुरुवार. संध्याकाळचे पावणेसात.

जागा ठाकुर्लीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. लढाईच्या काळात लष्कराने बांधलेलं एक गोदाम. त्यात कांबळी विणायचा कारखाना आहे. नाव सांगत नाही.

छपराची उंची अठ्ठेचाळीस फूट. मी स्वतः दोरी सोडून मोजलीय. वर लोखंडी कैच्या, कैच्यांवर पत्रा. खालून कोणी हाक मारली की ती वर जायची, थोडी थांबायची, आणि मग दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी खाली यायची.

मी काळुराम. कोपरीचा. आमचे आजे-पणजे मिठागरावर राबले. मी वीजकाम शिकलो आणि या कारखान्यात वायरमन म्हणून लागलो. माझी आई आवडाबाई त्याच हॉलमध्ये झाडकाम करायची. मागांखाली साचलेली लोकरीची पिंज गोळा करायची.

आदल्या वर्षीपर्यंत.

*

आदल्या वर्षी, कार्तिकात, एका संध्याकाळी वीज गेली.

तेव्हा वीज गेली की एकच सोय होती. सात नंबरच्या खांबाला गॅसबत्ती टांगलेली असायची. जो जवळ असेल त्याने ती पेटवायची. त्या दिवशी आई जवळ होती. तिने पेटवली.

वर कैचीत भिवा होता. सगळे माग फिरवणारा लांब दांडा तेव्हा छपराखालून जायचा. त्याला तेल घालायचं काम भिवाचं. साताऱ्याकडचा माणूस. अंगाने बारीक, आवाजाने मोठा. त्याची बायको कलावती खाली सुताच्या कांड्या भरायची.

भिवाने वरून आईला सांगितलं,

"दिवा वाढव."

आईने बत्तीची किल्ली फिरवली. बत्ती फुस्स करून बसली.

काळोख.

आधी तेलाचा डबा पडला.

मग जे पडलं… त्याचा आवाज डब्यासारखा नव्हता.

*

इथे एक शब्द नीट सांगायला हवा. सगळं त्या शब्दावर आहे.

नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. एवढं सगळेच बोलतात. आमच्या घरात दिवाही तसाच. रोज निजताना आई म्हणायची, "कालू, दिवा वाढव." मी फुंकर मारायचो. 'विझव' हा शब्द तोंडातून निघाला तर थोबाडीत बसायची. दिवा विझला असं घरात बोलत नाहीत.

भिवाच्या गावी दिवा वाढव म्हणजे वात वर सरकव. उजेड जास्त कर.

त्याने उजेड मागितला. तिने काळोख दिला. दोघांनीही शब्द बरोबरच वापरला.

शिवाय हवेत लोकरीची पिंज उडत होती. वरून माणूस दिवा वाढव म्हणतोय म्हणजे आग लागायची भीती दिसली असणार, असं आईला वाटलं. वाटणारच.

चौकशी झाली. अहवालात ओळ आली:

मयताने दिवा वाढविण्यास सांगितले असता सदर बाईने तो विझविला.

आईला ती वाचून दाखवली. अंगठा मागितला.

आई म्हणाली, "विझवला नाय. वाढवला. त्यानं सांगितला तोच शबुद लिवा. मंग अंगठा देते."

कोणी लिहिला नाही. तिनेही अंगठा दिला नाही. तिला हॉलमधून काढून बाहेर फाटकाजवळ झाडायला लावलं. बायका तिच्या सावलीतून जायचं टाळायच्या. कलावती तर तिच्याकडे बघायचीही नाही.

एक वर्ष आई फाटकाजवळची माती झाडत राहिली. वाकून झाडायची, पण मान कधी खाली घातली नाही.

*

आणि मग आवाज यायला लागला.

दरवेळी नाही. फक्त वीज गेली की.

दिवे जायचे. माग थांबायचे. साठ माणसांचा श्वास ऐकू यायचा…

आणि वरून, सातव्या खांबाच्या माथ्यावरून…

"दिवा वाढव."

रागावून नाही. रडून नाही. कामातला माणूस खालच्याला सांगतो तसं.

अजून एक. वरचा दांडा कंपनीने तोवर काढून टाकला होता. प्रत्येक मागाला आपली मोटर बसली होती. वर तेल घालायला काहीच उरलं नव्हतं.

तरी सात नंबरच्या खांबाखाली फरशीवर तेलाचा थेंब असायचा.

पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा.

एकच थेंब.

*

संध्याकाळची पाळी बंद पडायला आली. त्यातच सरकारी तपासनीस येऊन सांगून गेला की एवढ्या उंच हॉलला वीज गेल्यावर चालणारे दुसरे दिवे हवेतच.

मग प्रश्न आला, हे दुसरे दिवे चालवायचे कशावर?

मॅनेजर होते दौलतराव. साताऱ्याकडचेच. त्यांचा जीव होता इंजिनावर. लष्कराचं तेलावरचं इंजिन मागच्या अंगणात येऊन पडलं होतं. वीज गेली की ते चालू करायचं, त्यावर सगळे दिवे.

मुंबईच्या एका विक्रेत्याने दुसरंच सुचवलं होतं. प्रत्येक दिव्याला आपली पेटी, पेटीत आपली बॅटरी, पेट्या वर कैचीत. कागदावर छान दिसत होतं. पण त्या बॅटऱ्यांना दर आठवड्याला पाणी घालावं लागतं. मी विचारलं, घालायला वर कोण चढणार?

विक्रेत्याचा कागद तिथेच संपला.

माझं म्हणणं तिसरं होतं. सगळ्या बॅटऱ्या खाली, एका हवेशीर खोलीत. तिथून तारा. आणि दिवे कैचीत ठेवायचे नाहीत. अठ्ठेचाळीस फुटांवरून बॅटरीचा उजेड फरशीवर पोचेपर्यंत ताकासारखा पातळ होतो. दिवे लांब सळ्यांनी खाली आणायचे, बारा फुटांवर. चोवीस दिवे.

दौलतराव म्हणाले, "तुझ्या बॅटऱ्या दोन तासांत थकणार. माझं इंजिन रात्रभर चालेल."

"माणसांना बाहेर पडायला दोन तास लागत नाहीत, साहेब. आणि इंजिन पकड घेईपर्यंत अकरा सेकंद जातात. मी मोजलेत."

"अकरा सेकंदांत काय आभाळ कोसळतंय?"

"भिवाला दोनसुद्धा लागले नाहीत."

ते म्हणाले, "काळुराम, खरं सांगू का? दिव्यांनी हे मिटणार नाही. लोक म्हणतात, तुझ्या आईने अंगठा दिला नाही म्हणून तो अडकलाय. गुरुवारी दोन्ही दिव्यांची परीक्षा घेऊ, सगळ्यांसमोर. त्याआधी अंगठा. नाहीतर गुरुवारनंतर फाटकाबाहेर."

घरी येऊन मी आईला सांगितलं.

ती वाल सोलत होती. हात थांबले नाहीत.

"गुरवारी मी हालात येनार," ती म्हणाली. "साताच्या खांबाखाली उभी ऱ्हानार. त्यालाच इचारते."

"कोणाला?"

"ज्यानं सांगितला त्याला."

*

गुरुवार. पावणेसात. बाहेर पुरता अंधार पडलेला.

इंजिनाजवळ एक माणूस. हॉलमध्ये भिंतीला दोन दांड्या. इंजिनाची वीज दिव्यांना देणारी दांडी दगडूच्या हातात. दगडू आमच्याच कोपरीचा, सांगितलं तेवढं करणारा. बॅटरीची दांडी माझ्या हातात. परीक्षेपुरत्या मी लष्करी ट्रकांच्या अठरा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या होत्या.

दौलतराव मधोमध उभे. "आधी इंजिन. मी सांगेपर्यंत काळुरामने आपल्या दांडीला हात लावायचा नाही."

आई आत आली. फाटकावरचा झाडू हातात तसाच. बायका बाजूला सरल्या. ती सरळ सातव्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. समोर चार हातांवर कलावती.

"आवडाबाई, अंगठा?" दौलतराव म्हणाले.

"आधी परीक्षा घ्या," आई म्हणाली. "तुमची बी आनि माजी बी."

वीज तोडली.

एक.

कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

दोन.

तीन. बाहेर इंजिन खोकलं.

चार. पुन्हा खोकलं.

पाच.

सहा. मी दांडीवर हात ठेवला. ठेवायचा नव्हता.

सात…

वर कोणीतरी पाय बदलला. लोखंडावर अनवाणी पाय. हा आवाज ज्याने ऐकलाय तोच ओळखेल.

आठ. इंजिन लागलं.

नऊ.

दहा.

अकरा. दगडूने दांडी ओढली. दिवे आले… पण लालसर. निखाऱ्यासारखे. इंजिन अजून वेग घेत होतं. त्या लाल उजेडात साठ तोंडं दिसली. सगळी वर बघणारी.

तेवढ्यात मोठ्या आवाजात…

"दिवा वाढव."

दगडूने दांडी परत ढकलली.

काळोख.

*

कोणीतरी किंचाळलं. धावायची सुरुवात झाली. कांड्यांची टोपली उलटली, शंभर लाकडी कांड्या फरशीवर घरंगळल्या, आणि त्यावरून माणसं घसरायला लागली.

"अरे कोणी बंद केला?" दौलतरावांचा आवाज.

"मी, साहेब," दगडू म्हणाला. "तुमीच बोललाव ना, दिवा वाढव. म्हनून वाढवला."

"मी?"

"मंग कोन?"

"दगडू, मी तोंड उघडलेलं नाही."

धावणारी माणसं जागच्या जागी थांबली.

त्या काळोखात कलावती बोलली. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"साहेबांचा आवाज नव्हता तो. माझ्या मालकाचा होता."

बाहेर इंजिन धडधडत होतं, आणि त्याचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता.

मग आई बोलली. वर तोंड करून. कोपरीच्या विहिरीवर भांडताना बोलते त्या आवाजात.

"भिवा. नीट बोल. वाढव म्हंजे काय करू? लावू का मालवू?"

आईने झाडू फरशीवर आपटला.

"एकदा तुजा ऐकला. वरीस झाला, फाटकावर माती झारते. आता तू माजा ऐक. लावू का मालवू? सरल सांग."

हाक वर गेली. तिथे थांबली. नेहमी ती खाली यायची. मी वाट बघत होतो.

खाली आलीच नाही.

जणू वर कोणी ती झेलून धरली…

टप्.

एवढाच आवाज.

आई हळू आवाजात म्हणाली, "कालू. लाव."

साहेबांनी सांगितलं नव्हतं. मी दांडी ओढली.

*

बॅटरीचे दिवे पेटायला वेळ लागत नाही. दांडी बसली की उजेड. चोवीस पिवळे दिवे, बारा फुटांवर.

दिवा लागला की आपण हात जोडतो. घरात, दुकानात, कारखान्यातही. कोणी शिकवत नाही. त्या क्षणी साठ माणसांनी हात जोडले. दौलतरावांनीही.

आईनेही जोडले. मग उघडले. उजव्या तळहातावर तेलाचा थेंब होता.

कलावती पुढे आली. तिने आईचा हात धरला, बोट थेंबात बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"हेच तेल," ती म्हणाली. "त्याच्या सदऱ्याला यायचा हाच वास."

त्यानंतर तिने आईचा हात सोडला नाही. तसाच धरून ती दौलतरावांकडे वळली.

"साहेब, दगडूने आत्ता काय केलं? विझवला का वाढवला?"

दौलतरावांनी दगडूकडे बघितलं.

"तो कोपरीचा. ह्या पण कोपरीच्या. त्याला सांगितलं, त्याने केलं. मग ह्यांचाच शब्द का बदलला? मी त्याची बायको. मी सांगते, बदला."

दौलतरावांनी ऑफिसातून अहवाल आणवला. मागाच्या फळीवर ठेवला. 'विझविला' वर रेघ मारली. वर लिहिलं, 'वाढविला'. आईने अंगठा शाईत बुडवला आणि टेकवला.

ठसा उमटला नाही. शाई पसरून गोल डाग झाला. अंगठ्याला तेल होतं.

"पुसून पुन्हा द्या," दौलतराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "तो बी सही करून गेला."

मग तिने वर बघितलं. आम्हीही बघितलं.

माझे दिवे बारा फुटांवर होते. वर टोप्या, उजेड सगळा खाली. फरशी लख्ख. आणि टोप्यांच्या वर छत्तीस फूट काळोख. खालच्या हॉलवर उभा केलेला दुसरा हॉल.

"हे सगले दिवे आपल्याला," आई म्हणाली. "वरती कोनाला?"

"वर कोणी नसतं आई."

"मंग तेल कोन घालतंय?"

मी पुन्हा वर बघितलं.

"एक वाढव," ती म्हणाली.

चोवीसचे पंचवीस. वाढव या शब्दाचा तिसरा अर्थ त्या संध्याकाळपर्यंत मला सुचला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून वर चढलो. कोणाला सोबत घेतलं नाही. भीती वाटत होती. तरी चढलो.

कैचीवर वर्षभराची धूळ. बोटभर. लोकरीची पिंज मिसळून मऊ झालेली. तिच्यात पावलांचे ठसे नव्हते. मी नीट बघितलं.

फक्त सातव्या खांबाच्या माथ्यावर, आडव्या लोखंडावर, एक जागा स्वच्छ होती. धूळ नाही. पिंज नाही.

माणूस बसला तर जेवढी लागेल तेवढी जागा.

तिथून हातभर अंतरावर मी दिवा बसवला आणि उतरलो. उतरताना खाली नाही, वर बघत उतरलो.

इंजिन विकलं गेलं. बॅटऱ्यांची खोली झाली. काचेच्या बरण्या, पंचावन्न, लाकडी मांडणीवर. आता दांडीही ओढावी लागत नाही. वीज गेली की दिवे आपोआप येतात. आई हॉलमध्ये परत आली. तिच्या आणि कलावतीच्या भाकऱ्या एका फडक्यात येतात.

आवाज त्यानंतर आला नाही. थेंबही नाही.

इथे गोष्ट संपवता आली असती.

*

चार वर्षं झाली. बॅटऱ्यांची काळजी मीच घेतो. दर शनिवारी पाणी घालतो, आम्लाची घनता तपासतो. वीज गेलेली नसताना बॅटरी फारशी उतरायला नको.

माझी उतरते.

दर आठवड्याला. एक दिवा रात्रभर जळावा तेवढी. मी तारा तपासल्या. बरण्या बदलल्या. रखवालदाराला विचारलं. तो म्हणतो, रात्री हॉलमध्ये एकही दिवा नसतो.

मी पुन्हा भरतो.

गेल्या महिन्यात नवे इंजिनियर आले. शिकलेले, चांगले गृहस्थ. नकाशा बघून म्हणाले, "वरचा पंचविसावा दिवा कशासाठी? वर कोणी जात नाही. निष्कारण बॅटरी खातोय. काढून टाका."

"मी काढणार नाही," मी म्हणालो.

"हुकूम समजा."

"समजलो. तुम्ही चढा आणि काढा."

ते चढले. सकाळचे अकरा वाजले होते, पत्र्याच्या फटींतून ऊन येत होतं. मी शिडी धरली होती. खाली आई झाडत होती, कलावती कांड्या भरत होती. दोघींनी वर बघितलं नाही.

ते वर पोचले. दिव्याकडे हात नेला.

आणि थांबले.

मान एका बाजूला वळलेली. शेजारी बसलेला माणूस हळू काही सांगतोय आणि आपण ऐकतोय, तशी.

मग उतरले. खाली आल्यावर रुमालाने उजवा हात पुसायला लागले. रुमाल काळा झाला तरी पुसत राहिले.

"दिवा राहू द्या," म्हणाले.

"काय झालं, साहेब?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नकाशावरच्या चोवीस दिव्यांकडे बघितलं. मग पंचविसाव्याकडे.

"त्याला विचारायचं होतं," ते म्हणाले, "आवडाबाई अजून कामावर आहेत का."

त्यांना आईचं नाव मी सांगितलेलं नव्हतं.

मी अजून ते तिला सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून ती सातव्या खांबाखाली आली की झाडू थांबवते, वर बघते आणि काहीतरी पुटपुटते. मी दोनदा जवळ जाऊन ऐकायचा प्रयत्न केला.

दोन्ही वेळा ती पुन्हा झाडायला लागली.

बॅटरी उतरते. मी भरतो. जोवर माझे हात चालतात तोवर भरणार. हा हुकूम कोणाचा आहे ते मला माहीत नाही, आणि तो मोडायला कोणी येणार असेल तर शिडी मी धरीन.